तीच अक्षरं, दुसरा शब्द
इंग्रजीतल्या अक्षरखेळांचा आढावा

इंग्रजी शब्दांकडे पाहण्याची एक तऱ्हेवाईक रीत आहे. अर्थ, उगम, उच्चार हे सगळं बाजूला ठेवायचं आणि फक्त स्पेलिंगमधली अक्षरं न्याहाळायची. एकही अक्षर दोनदा येत नाही असा सर्वांत लांब शब्द कोणता? एकाच स्वरावर निभावून नेणारा कोणता? कोणत्या दोन लांब शब्दांत अक्षरं तंतोतंत तीच आहेत, फक्त क्रम वेगळा आहे? या प्रश्नांपायी माणसांनी कोश पानापानाने चाळले, मंडळं काढली, पन्नासेक वर्षं एक त्रैमासिक चालवलं. आज यातले बहुतेक प्रश्न साधा संगणकही चुटकीसरशी सोडवतो. मग या छंदात शिल्लक काय राहिलं, आणि त्यातलं मोलाचं काय, हे तपासण्यासाठी हा आढावा. देवनागरीत इंग्रजी स्पेलिंग दिसत नाही, तेव्हा वाचताना कागद-पेन्सिल हाताशी असलेली बरी.

गुपितापासून करमणुकीकडे

अक्षरं उलटीसुलटी मांडण्याची युक्ती युरोपात सतराव्या शतकात शास्त्रज्ञांनी गंभीर कामासाठी वापरली. शोध तर लागला आहे, पण खात्री व्हायची आहे. तोवर श्रेय दुसऱ्याने पळवू नये. अशा वेळी निष्कर्षाचं वाक्य लिहायचं, त्यातली अक्षरं विस्कटायची आणि ती गिचमीड जाहीर करायची. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून शनी पाहिला तेव्हा त्याला तो एक गोळा न वाटता तीन गोळे जोडून असल्यासारखा दिसला. त्याने ३७ अक्षरांची एक ओळ पाठवून दिली. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये स्प्रिंगचा नियम असाच चौदा अक्षरांत कोंडला. ती अक्षरं त्याने चक्क वर्णानुक्रमाने लावली होती. १६७८ मध्ये त्याने त्यांची उकल छापली : जसा ताण, तसं बल. दोन्ही वाक्यं लॅटिन होती. विद्वानांची भाषा तेव्हा तीच होती.

गॅलिलिओच्या ओळीची पुढची कथा या सगळ्या विषयाची मेख सांगून जाते. ती गिचमीड केप्लरच्या हाती पडली. त्याने खटपट करून त्या ३७ अक्षरांतून अर्थपूर्ण वाक्य काढलं, आणि त्याचा आशय निघाला मंगळाच्या जुळ्या सोबत्यांविषयी. गॅलिलिओला शनीबद्दल बोलायचं होतं, केप्लरने मंगळाबद्दल वाचलं. गंमत अशी, की मंगळाला खरोखरच दोन चंद्र निघाले, पण ते १८७७ मध्ये. अक्षरांचा साठा पुरेसा मोठा असला की त्यातून एकाहून अधिक वाक्यं निघतात, आणि प्रत्येक वाक्य काढणाऱ्याला तेच खरं वाटतं.

एकोणिसाव्या शतकात हा प्रकार इंग्लंडच्या दिवाणखान्यात आला. ‘ॲलिस’चा लेखक लुइस कॅरल त्यात तरबेज होता. पंतप्रधान विल्यम एवर्ट ग्लॅडस्टन यांच्या नावातल्या २१ अक्षरांतून त्याने ‘वाइल्ड अजिटेटर, मीन्स वेल’ असं वाक्य काढलं : माणूस बेफाम चळवळ्या, पण मनाचा भला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावातून त्याने ‘फ्लिट ऑन, चिअरिंग एंजल’ काढलं. पहिल्यात राजकीय टोमणा आहे, दुसऱ्यात आरती आहे. एकही अक्षर कमी नाही, एकही जास्त नाही.

मंडळ आणि त्रैमासिक

अमेरिकेत या छंदाला शिस्त लागली. १८८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोडी रचणाऱ्यांनी एक संघ काढला. पुढे तो नॅशनल पझलर्स लीग म्हणून ओळखला जाऊ लागला आणि आजही चालू आहे. संघाने व्याख्या पक्क्या केल्या. एका शब्दाची अक्षरं हलवून दुसरा कुठलाही शब्द मिळाला, तर ते नुसतं स्थलांतर. ‘ॲनाग्राम’ हा मान तेव्हाच, जेव्हा नव्या मांडणीचा मूळ शब्दाशी अर्थाचा संबंध असेल.

हा भेद उदाहरणांनी चटकन कळतो. ‘कॉन्व्हर्सेशन’ आणि ‘कॉन्झर्व्हेशन’ यांत अक्षरं तीच आहेत, पण संभाषण आणि संवर्धन यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे स्थलांतर. त्याच ‘कॉन्व्हर्सेशन’मधून ‘व्हॉइसेस रँट ऑन’ निघतं, म्हणजे आवाज तावातावाने बोलतच राहतात, हा ॲनाग्राम. ‘डॉर्मिटरी’तून ‘डर्टी रूम’ निघते, हे वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही पटेल. ‘स्कूलमास्टर’मधून ‘द क्लासरूम’, ‘द मोर्स कोड’मधून ‘हिअर कम डॉट्स’, ‘ॲस्ट्रॉनॉमर्स’मधून ‘मून स्टेअरर्स’. उलट्या अर्थाचेही असतात : ‘फ्यूनरल’मधून ‘रिअल फन’ आणि ‘युनायटेड’मधून, दोन शेजारची अक्षरं अदलाबदल करून, ‘अनटाइड’.

१९६५ मध्ये शिकागोकडच्या डिमित्री बोर्गमन यांचं ‘लँग्वेज ऑन व्हेकेशन’ हे पुस्तक आलं आणि या छंदाला स्वतंत्र अभ्यासशाखेचा रुबाब मिळाला. बोर्गमन पेशाने विमा क्षेत्रातले गणिती होते. त्यांनी शब्दांकडे निसर्ग अभ्यासकाच्या नजरेने पाहिलं : जाती पाडल्या, नमुने गोळा केले, प्रत्येक जातीतला सर्वांत मोठा नमुना नोंदवला. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली ‘वर्ड वेज’ हे त्रैमासिक निघालं. १९७० पासून २००६ पर्यंत ते रॉस एक्लर यांनी पत्नी फेथ यांच्यासह न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या घरातून चालवलं. एक्लर बेल लॅब्जमध्ये संख्याशास्त्रज्ञ होते, आणि १९९६ मधलं त्यांचं ‘मेकिंग द अल्फाबेट डान्स’ हे पुस्तक या विषयाचा आजवरचा सर्वांत व्यवस्थित ग्रंथ आहे. त्रैमासिक २०२० मध्ये थांबलं.

संग्रहातले ठळक नमुने

या मंडळींनी जमवलेल्या जाती पुष्कळ आहेत. त्यातल्या चार-पाच बघितल्या की बाकीच्यांचा अंदाज येतो.

पहिली जात एकही अक्षर दोनदा न येणाऱ्या शब्दांची. ‘बॅकग्राउंड’मध्ये अशी दहा वेगळी अक्षरं आहेत, ‘ट्रबलमेकिंग’मध्ये तेरा, ‘ॲम्बिडेक्स्ट्रसली’त चौदा. पंधरा अक्षरांवर दोन मानकरी उभे आहेत : ‘अनकॉपिराइटेबल’ आणि बोटांच्या ठशांच्या शास्त्राचं नाव असलेला ‘डर्मटोग्लिफिक्स’. पहिल्यात पाचही स्वर आणि वर वाय असं सगळं एकेकदाच येतं. या जातीला व्यवहारातही उपयोग होता. इंग्लंड-अमेरिकेतले दुकानदार दहा वेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द मनात ठरवत आणि मालाची खरेदी किंमत त्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहीत. ‘ब्लॅकस्मिथ’ धरला तर बी म्हणजे एक, एल म्हणजे दोन, असं करत एच म्हणजे शून्य. चिठ्ठीवर के-एस दिसलं की मालकाला ५६ कळे, गिऱ्हाइकाला काहीच नाही.

याचीच सख्खी भावंडं म्हणजे प्रत्येक अक्षर नेमकं दोनदा येणारे शब्द. ‘टीममेट’मध्ये चार अक्षरं दोन-दोनदा आहेत, ‘इंटेस्टाइन्स’मध्ये पाच. तीनदा येणारा छोटासा ‘डीडेड’ आहे : तीन डी, तीन ई, संपलं.

दुसरी जात स्वरांची. ‘एज्युकेशन’मध्ये पाचही स्वर आहेत हे शाळेत कोणीतरी सांगितलेलं असतं. ‘फसीशस’ या थट्टेखोर अर्थाच्या शब्दात ते ए, ई, आय, ओ, यू अशा शाळकरी क्रमाने येतात. ‘सबकॉन्टिनेंटल’मध्ये, म्हणजे आपल्या उपखंडाच्या विशेषणात, बरोबर उलट्या क्रमाने. ‘सिक्वोया’ या प्रचंड वृक्षाच्या नावात सात अक्षरांत पाच स्वर मावतात, तर ‘स्ट्रेंग्थ्स’ नऊ अक्षरांना एकाच ई-वर तोलून धरतो. ‘इनडिव्हिजिबिलिटी’त आयखेरीज पाचांतला दुसरा स्वरच नाही, आय मात्र सहा वेळा.

तिसरी जात यंत्रावरून जन्मली. टाइपरायटरच्या वरच्या ओळीतल्या दहा अक्षरांत ‘टाइपरायटर’ हा शब्दच लिहिता येतो. ‘प्रोप्रायटर’, ‘रेपर्टवार’ आणि ‘पर्पेच्युइटी’सुद्धा. ‘स्ट्यूअर्डेसेस’ची बारा अक्षरं एकटा डावा हात लिहितो, ‘लॉलीपॉप’ एकटा उजवा. चौथी जात वर्णानुक्रमाची : ‘ऑलमोस्ट’, ‘बायॉप्सी’, ‘चिंट्झ’ या शब्दांत प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा पुढचं आहे. उलट दिशेने ‘स्पूनफीड’ नऊ अक्षरं उतरत जातो. आणि संगीताच्या सात स्वरनामांत, म्हणजे ए ते जी एवढ्यातच, कोबी मावतो : ‘कॅबेज’.

आकड्यांच्या नावांनाही या लोकांनी सोडलं नाही. इंग्रजीतल्या प्रत्येक विषम संख्येच्या नावात ई असतोच. आणि एकापासून मोजायला लागलं, मधला ‘अँड’ वगळला, तर ए हे अक्षर पहिल्यांदा भेटतं ते थेट ‘थाउजंड’मध्ये.

मुळात शब्द कशाला म्हणायचं?

इथवर सगळं गोड वाटतं. भांडण सुरू होतं ते विक्रमांवरून. पंधरा अक्षरांचा विक्रम मोडायला ‘सबडर्मटोग्लिफिक’ पुढे आला : सतरा अक्षरं, एकही पुन्हा नाही. तो १९९० मध्ये त्वचारोगविषयक एका नियतकालिकात छापला गेला आहे, म्हणून पुरावाही आहे. पण त्या लेखाबाहेर हा शब्द कोणी वापरतं का? ‘बुककीपर’मध्ये तीन जोड्या सलग येतात : दोन ओ, दोन के, दोन ई. त्याच्या हाताखालच्या माणसाला ‘सबबुककीपर’ म्हटलं की चौथी जोडी मिळते. तो शब्द कोणत्याही कार्यालयाला लागला नव्हता. तो फक्त या खेळाला हवा होता.

या बाबतीत कळस झाला १९३५ मध्ये. पझलर्स लीगच्या न्यूयॉर्कमधल्या बैठकीत अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी फुप्फुसाच्या एका आजाराचं ४५ अक्षरी नाव जाहीर केलं : ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ छातीत गेल्याने होणारा विकार. ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिक’ अशी त्याची नुसती सुरुवात आहे. एका वर्तमानपत्राने बातमी छापली, बातमीवरून तो शब्द कोशात गेला, आणि आज इंग्रजीतला सर्वांत लांब कोशगत शब्द म्हणून मुलं तो पाठ करतात. म्हणजे विक्रमाच्या शोधात निघालेल्यांनीच विक्रम घडवला आणि कोशकारांनी त्यावर शिक्का मारला. त्याच्या तुलनेत २९ अक्षरांचा ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ खानदानी म्हणायचा : लॅटिन व्याकरणातले चार तुच्छतादर्शक शब्द जोडून अठराव्या शतकात तो थट्टेने तयार झाला. त्यात आय नऊ वेळा आहे आणि इंग्रजीतलं सर्वांत मुबलक अक्षर ई एकदाही नाही.

कोशाची निवड हाच निकाल ठरतो. जुन्या मंडळींचा वेद म्हणजे १९३४ चा वेबस्टरचा दुसरा मोठा कोश, सुमारे सहा लाख नोंदींचा. १९६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत नोंदी साडेचार लाखांवर आल्या, कारण जुने मृत शब्द गाळले गेले. शब्दांचा वापर पाहणाऱ्याला ही सुधारणा वाटली, अक्षरं पाहणाऱ्याला ही लूट वाटली. म्हणून या क्षेत्रातला कोणताही विक्रम ऐकला की पहिला प्रश्न हाच विचारायचा : कोणत्या कोशाने?

संगणक आल्यावर

लांब शब्दांच्या जोड्या शोधण्याची युक्ती अगदी साधी आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमाने लावायची आणि तो त्याचा पत्ता मानायचा. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ दोघांचाही पत्ता एकच येतो : ई-आय-एल-एन-एस-टी. मग सगळी यादी पत्त्यांनुसार लावली की एका पत्त्यावर राहणारे शब्द शेजारी शेजारी येतात. जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’मुळे ही युक्ती १९८० च्या दशकात संगणकशिक्षणातला ठरलेला धडा झाली. पूर्वी एखादा माणूस चिठ्ठ्यांवर जे काम वर्षानुवर्षं करत असे, ते आता एका कपभर चहाच्या आत होतं.

पण लांबीने लावलेली यादी बघितली की निराशा होते. वर येतात रसायनांची सत्तावीस अक्षरी नावं, ज्यांत एक तुकडा इकडचा तिकडे सरकवला आहे एवढंच. सतरा अक्षरांवर एक ऐटदार जोडी आहे : ‘बेसिपॅराक्रोमॅटिन’ आणि ‘मार्सिपोब्रँकियाटा’. एक पेशीकेंद्रातल्या द्रव्याचं नाव, दुसरं जबडा नसलेल्या माशांच्या जुन्या वर्गाचं. दोन्ही शब्द उच्चारणाराच विरळा, मग आश्चर्य कोणाला वाटणार?

या अडचणीवर २०१७ मध्ये मार्क डॉमिनस या प्रोग्रॅमिंगच्या लेखकाने चांगला तोडगा सुचवला. लांबीऐवजी फेरफार किती खोल आहे ते मोजायचं. पहिल्या शब्दाचे कमीत कमी किती तुकडे केले म्हणजे ते जोडून दुसरा शब्द होतो? ‘कॉन्व्हर्सेशन’चे पाच तुकडे पुरतात, कारण आतली दोनच अक्षरं जागा बदलतात. वेबस्टरच्या जुन्या यादीला ही मोजपट्टी लावल्यावर अव्वल आली ती ‘सिनेमॅटोग्राफर’ आणि ‘मेगाकिरॉप्टेरन’ ही पंधरा अक्षरांची जोडी. तिला चौदा तुकडे लागतात. शेजारची फक्त दोन अक्षरं एकत्र राहतात, बाकी प्रत्येक अक्षर सुटं होतं. पहिला शब्द चित्रपटाचा छायालेखक, दुसरा फळं खाणारं मोठं वटवाघूळ. एक शब्द सर्वांच्या ओळखीचा, दुसरा ऐकून हसू यावं इतका अनपेक्षित. यंत्राने शोध लावला हे खरं, पण चांगलं म्हणजे काय हे आधी माणसाला ठरवावं लागलं.

वाक्यांची मोकळीक आणि तिचे धोके

एकाच शब्दाऐवजी शब्दसमूह घेतला की दार सताड उघडतं. अक्षरं जितकी जास्त, तितक्या मांडण्या. चाळीस अक्षरांच्या मजकुरातून संगणक हजारो वाक्यं काढून देतो आणि त्यातली बहुतेक निरर्थक असतात. म्हणून लांब वाक्याचा ॲनाग्राम हे एरवी कौतुकाचं कारण नव्हे. कौतुक तेव्हा, जेव्हा मोकळीक असून अर्थ जुळतो. ‘इलेव्हन प्लस टू’ आणि ‘ट्वेल्व्ह प्लस वन’ : तेरा अक्षरं, दोन्हींकडे तीच, आणि दोन्हींची बेरीजही तेराच. याहून नेमकी जोडी इंग्रजीत क्वचितच असेल. आणि मोकळीक स्वतःहून आवळून घेणारेही असतात. डेव्हिड शुलमन या अमेरिकन शब्दवेत्त्याने १९३६ मध्ये ‘वॉशिंग्टन क्रॉसिंग द डेलावेअर’ या शीर्षकाचं सुनीत लिहिलं. त्याच्या चौदाही ओळी शीर्षकातल्याच अक्षरांनी बनल्या आहेत.

अर्थ जुळला की खरंच काही सांगितलं गेलं, असा भास होतो. केप्लरला तो झाला होता. विसाव्या शतकातलं मोठं उदाहरण शेक्सपिअरचं. त्याच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये २७ अक्षरांचा एक लॅटिन शब्द येतो, ‘ऑनरिफिकाबिलिट्युडिनिटाटिबुस’, ज्यात व्यंजन-स्वर शेवटपर्यंत आळीपाळीने येतात. १९१० मध्ये एडविन डर्निंग-लॉरेन्स यांनी त्यातून एक लॅटिन वाक्य काढलं : फ्रान्सिस बेकनची अपत्यं असलेली ही नाटकं जगासाठी जतन केली आहेत. त्यांच्या मते शेक्सपिअर खरा लेखक नसल्याचा हा छापील पुरावा होता. विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन या जोडप्याने १९५७ मध्ये अशा सगळ्या दाव्यांची चिरफाड केली. त्या दोघांची ओळखच बेकनच्या सांकेतिक लिपीचा शोध घेणाऱ्या खासगी संशोधन केंद्रात झाली होती; पुढे दोघेही अमेरिकेचे नामांकित संकेतभेदक झाले. त्यांचा आक्षेप सरळ होता : ज्या पद्धतीतून एकच उत्तर निघायला हवं, तिच्यातून कोणालाही हवं ते काढता येत असेल, तर ती पद्धत पुरावा देत नाही.

ई-चं राज्य

अक्षरांची ही मोजदाद केवळ रिकामपणाचा उद्योग राहिली नाही. इंग्रजी मजकुरात साधारण दर आठवं अक्षर ई असतं. मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याने तारेची संकेतलिपी बसवताना मॉरिसटाउनच्या छापखान्यात जाऊन खिळ्यांच्या पेटीत कोणतं अक्षर किती आहे ते पाहिलं, असं सांगितलं जातं. हे तेच गाव जिथे पुढे एक्लरांचं त्रैमासिक निघालं. म्हणून ई-ला फक्त एक टिंब मिळालं, टी-ला एक रेघ. लायनोटाइप यंत्राचा कळफलकही याच हिशेबाने लावलेला होता : पहिल्या दोन उभ्या रांगा ई-टी-ए-ओ-आय-एन आणि एस-एच-आर-डी-एल-यू. ओळ चुकली की जुळारी त्या रांगांवरून बोट फिरवून ती भरून टाकत, आणि कधी कधी ‘एटाओइन श्रडलू’ हे भूत तसंच पेपरात छापलं जाई. मंदीच्या काळात बेकार झालेल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजूनच स्क्रॅबल बेतला : १०० सोंगट्यांत ई बारा, गुण एक, क्यू आणि झेड प्रत्येकी एक, गुण दहा. एस मात्र मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर अनेकवचनांनीच डाव जिंकता आले असते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या स्पेलिंग बी या सात अक्षरांच्या कोड्यात तर एस येऊच देत नाहीत. २०२१ मध्ये जगाला वेड लावणाऱ्या वर्डलमध्येही पहिला शब्द कोणता टाकावा यावरचे वाद शेवटी याच मोजदादीवर येऊन थांबतात.

ज्याचं राज्य, त्यालाच हद्दपार करण्याची खुमखुमी लेखकांना येणारच. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनी टाइपरायटरवरची ई-ची कळ बांधून टाकली आणि पन्नास हजारांहून अधिक शब्दांची ‘गॅड्सबी’ ही कादंबरी लिहिली. १९३९ मध्ये ती छापली गेली, त्याच वर्षी ते वारले. ई गेला की ‘द’ जातो, ‘ही’ आणि ‘शी’ जातात, बहुतेक भूतकाळ जातो, आणि सहा ते तीस यांच्या मधल्या सगळ्या संख्या जातात. कसरत अफाट, कथा बेताची. जॉर्ज पेरेक यांनी १९६९ मध्ये फ्रेंचमध्ये हेच बंधन घेतलं, पण ‘ला दिस्पारिसियाँ’त हरवलेलं अक्षर हाच कथेचा गाभा केला. पेरेक यांचे वडील महायुद्धात मारले गेले होते, आईला नाझींनी छळछावणीत पाठवलं होतं. अनेक वाचकांना या कादंबरीतल्या अभावात तोच अभाव दिसला. गिल्बर्ट ॲडेर यांनी ई न वापरताच ती इंग्रजीत आणली. स्पॅनिश अनुवादकांनी मात्र ए गाळला; स्पॅनिशमध्ये ई-च्या खालोखाल मुबलक अक्षर तेच आहे. कॅनडाच्या क्रिस्टियन बोक यांच्या ‘युनोइया’त २००१ मध्ये पाच प्रकरणं आली, प्रत्येक एकेका स्वरावर; पुस्तकाला सात वर्षं लागली आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रिफिन पुरस्कार मिळाला.

आपल्याकडची वाट वेगळी का

मराठी वाचकाला यातलं काहीच परकं वाटायला नको. दंडीच्या ‘दशकुमारचरित’तला एक नायक ओठ दुखावल्यामुळे आपली सगळी कहाणी ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो, राइटच्या आधी हजारावर वर्षं. मोरोपंतांच्या १०८ रामायणांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. म हा ओष्ठ्य. म्हणजे रामायणभर ‘राम’ हे नावच घेता येत नाही. वर्ण गाळण्याची परंपरा इथे भक्कम आहे.

अक्षरं ढवळून नवा शब्द करण्याची परंपरा मात्र तशी फोफावली नाही, आणि त्याचं कारण लिपीत आहे. इंग्रजीत सुटी २६ अक्षरं आहेत. दोन शब्दांत तीच अक्षरं सापडण्याची शक्यता त्यामुळे बरीच. देवनागरीत वाचकाच्या डोळ्यांना व्यंजन, मात्रा, जोडाक्षर असा अख्खा ठोकळा एक दिसतो, आणि असे ठोकळे शेकड्यांनी आहेत. ‘ती होडी जाडी होती’ उलटंही तसंच वाचता येतं ते ठोकळ्यांमुळे. वर्ण सुटे केले तर ते उलटत नाही. शिवाय आपण लिहितो बरंचसं उच्चाराप्रमाणे. त्यामुळे ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ यांच्यासारखा, कानाला न कळणारा आणि फक्त डोळ्याला दिसणारा संबंध आपल्या लेखनात सहज घडत नाही.

मग निवाडा काय?

लांबीच्या स्पर्धेत आता दम राहिलेला नाही. यादी मोठी केली की विक्रम मोडतो, आणि यादी मोठी करणं ही आता फक्त साठवणीची बाब आहे. उरलेल्या कसोट्या तीन. शब्द वाचकाच्या ओळखीचा असावा; फेरफार खोल असावा; आणि जमलं तर दोन टोकांत अर्थाचा धागा असावा. तिन्हींवर एकदम उतरणारं फार थोडं आहे. ‘इलेव्हन प्लस टू’ उतरतं. छायालेखक आणि वटवाघूळ दोन कसोट्यांच्या जवळ जातात. सतरा अक्षरी माशांचा वर्ग दुसऱ्या कसोटीवर उतरतो, पण त्याला ओळखणारं कोणी नाही.

यंत्राला यातली मधली कसोटी मोजता येते, पहिली अदमासे मोजता येते. तिसरीसाठी अजून माणूसच लागतो, कारण ग्लॅडस्टनच्या नावातून निघणाऱ्या असंख्य मांडण्यांपैकी नेमकी कोणती त्याला झोंबेल हे कॅरललाच माहीत होतं. म्हणून पंधरा अक्षरी ‘अनकॉपिराइटेबल’ला सतरा अक्षरी प्रतिस्पर्धी मिळाला तरी त्याचं आसन हलत नाही : तो ऐकताच कळतो, लिहिताच पटतो, आणि त्याच्यासाठी कोणाला कोश उघडावा लागत नाही.